रानमोडीखाली काय उगवतं

पौड मागे पडलं, माले गेलं, झाडांच्या फटींतून धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि एकदम गाड्यांची रांग लागली. मला वाटलं अपघात. पण रस्त्याच्या उतारावर छातीएवढी पिवळी-केशरी फुलं माजली होती आणि पुण्याहून आलेली मंडळी त्यांत उभी राहून फोटो काढत होती. एका बाईंनी मुलाला फुलांत असं बसवलं होतं, की त्याचं नुसतं डोकं वर दिसत होतं. ‘‘सोनकी काय फुललीय बघा!’’ कुणीतरी ओरडलं. शेजारी बसलेल्या ताईनं काच खाली केली.

‘‘सोनकी नाही ती. कॉसमॉस आहे. मेक्सिकोचा.’’

ज्याला ऐकू जायला हवं होतं, त्याला गेलं नाही. ताई माझी मावसबहीण. तीस वर्षं पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाली, पण वर्ग अजून सुटलेला नाही. तिनं गाडी थांबवायला लावली. खाली उतरून एक फूल तोडलं, मग वरच्या कातळाकडं चढून दुसरं आणलं आणि दोन्ही माझ्या पुढ्यात गाडीच्या काचेपाशी ठेवली.

दोन्ही पिवळी, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. सोनकीचं झाड गुडघ्याएवढं, पान साधं, कडेला दाते असलेलं. फूल लहान, हळदीच्या रंगाचं, आणि बी म्हणजे पांढरी म्हातारी, फुंकर मारली की उडणारी. सह्याद्रीबाहेर ती फारशी दिसत नाही. कॉसमॉसचं पान झेंडूसारखं कातरलेलं, पाकळी रुंद, टोकाला तीन खाचा. त्याचं बी मात्र बघण्यासारखं आहे. काळपट, सुईसारखं लांब, आणि शेंड्याला दोन आकडे. ताई फूल दाखवत होती तोवर माझ्या पायमोज्यात अशा सुया शिरल्या होत्या. ‘‘आता तू गाडीनं त्यांना मामांच्या अंगणापर्यंत सोडणार,’’ ती म्हणाली. मी निमूट एकेक सुई उपटायला लागलो.

कष्ट फुकट होते. मामांच्या अंगणात तुळशीभोवती कॉसमॉस आधीच लावलेला होता.

मामांचं घर ताम्हिणीच्या अलीकडं, रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला. बाहत्तरी उलटली, गुरं विकली, भात मात्र अजून स्वतः लावतात. दसऱ्याचं तोरण दाराला तसंच होतं, झेंडू वाळून तपकिरी झालेला. पडवीत बसल्या बसल्या ताईनं तुळशीकडं बोट दाखवून विषय काढला, आणि मग दुपार त्यातच गेली. मी मधूनमधून तोंड घातलं, पण भांडण त्या दोघांचं.

‘‘मामा, हे कुणी लावलं?’’

‘‘तुझ्या मामीनं. देवाला फुलं लागत्यात. का गं?’’

‘‘हे बाहेरचं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बघा कसं पसरलंय. जिथं तेरडा असायचा, कवला असायचा, सोनकी असायची, तिथं आता हेच.’’

‘‘भाईरचं!’’ मामांनी तोरणाकडं मान वळवली. ‘‘आन त्यो झेंडू कुटला? मागल्या टायमाला तूच सांगितलं व्हतंस, झेंडूबी तिकडलाच म्हनून. मिरची भाईरची, बटाटा भाईरचा, मका, टोमॅटो, तंबाखू. समदं काडून टाकलं तर भाकरीसंगं खायाचं काय? आन एकदांडी? लहानपनी तुज्या गुडघ्यावर कुनाचा पाला चोळला व्हता?’’

एकदांडी म्हणजे आपला दगडी पाला. तीही मूळची अमेरिकेतली, हे मामांना ताईनंच कधीतरी सांगितलेलं असणार. शिक्षकाचं हे असंच होतं. दिलेलं परत आपल्याच अंगावर येतं.

‘‘मिरची कधी बांध ओलांडून डोंगरावर गेली का?’’ ताई म्हणाली. ‘‘आठ दिवस पाणी नाही दिलं तर मान टाकते. तिला तुमची गरज आहे. माझं भांडण बाहेरच्या सगळ्यांशी नाहीच. जगातल्या सरकारांनी मिळून जीवसृष्टीसाठी शास्त्रज्ञांचा एक मंच नेमलाय, त्याचा अहवाल २०२३ साली आला. माणसानं इकडच्या तिकडं नेलेल्या ३७,००० हून जास्त जाती त्यांनी धरल्या. त्यांतल्या साडेतीन हजारांवर जाती उपद्रवी निघाल्या. वनस्पतींपुरतं बोलायचं तर शंभरातल्या सहा.’’

‘‘म्हंजी चौऱ्यान्नव शानी.’’

‘‘चौऱ्याण्णव शहाणी. मी त्या सहांबद्दलच बोलतेय.’’

इथं मला राहवलं नाही. मी म्हणालो, ताई, शास्त्रज्ञांतही यावर एकमत कुठंय? २०११ साली ‘नेचर’मध्ये मार्क डेव्हिस आणि आणखी अठरा जणांनी लिहिलं होतं, की जात कुठून आली यावर तिची लायकी ठरवू नका, ती काय करते ते बघा. ताई म्हणाली, ‘‘हो, आणि त्याला १४१ जणांनी सही करून उत्तर दिलं, की आम्हीही तेच बघतो, पण काय करते हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.’’

‘‘मतदान झालं व्हय?’’ मामा म्हणाले.

मग गाजर गवतावरून थोडं झालं. मामांचा ठाम समज, की ते बाहत्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारीबरोबर आलं. गावोगाव हीच कथा आहे, फक्त कुठं मिलो, कुठं अमेरिकेचा लाल गहू. ताई म्हणाली, ‘‘मिलोच्या कितीतरी आधी. पुण्यात उकिरड्यावर ते दिसलं आणि १९५६ साली त्याची नोंद छापूनही आली. अमेरिकेशी गव्हाचा करार झाला तोच मुळी त्या वर्षीच्या ऑगस्टात. गव्हाबरोबर आणखी आलं असेल, पण पहिलं पाऊल त्या करारातल्या गव्हाचं नव्हे.’’ आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो आणि केरळात रानमोडी या दुसऱ्या तणाला कम्युनिस्ट पच्चा म्हणतात. ज्याला जो पक्ष हटेना, त्यानं त्याचं नाव तणाला दिलं. ताईनं पुढं सांगितलं, की गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा मुद्दाम आणून १९८४ साली बंगळूरला सोडला. मामांना हे फारच आवडलं. ‘‘भाईरच्याला हाकलाया आनखी एक भाईरचा!’’ भुंगा दुसरं काही खात नाही ना, हे आधी तपासलं होतं, असं ताई सांगत राहिली, पण मामा हसण्यात होते.

चहा झाला आणि मामांनी काठी घेतली. ‘‘चल, तुला दावतो. बोलून काय व्हतंय.’’

घरामागून चढण सुरू होते. पहिला टप्पा घाणेरीचा. तिच्याबद्दल मामांची काही तक्रार नव्हती. ती त्यांच्या बालपणातलीच. काळी पिकलेली फळं खाऊन ते मोठे झाले, कुंपणाला तिच्या फांद्या वापरल्या, चुलीला घातल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी लावलेलं हे झुडूप बुलबुलांच्या पोटातून देशभर गेलं. ‘‘पयलं बायका सरपनाला तोडायच्या,’’ मामा म्हणाले. ‘‘म्हून आटोक्यात व्हती. आता घरोघर ग्यास. कोन तोडतंय?’’ ताईनं इथं मान डोलावली. हे तिच्या कुठल्या पुस्तकात नसावं.

त्याच्या वर मात्र रानमोडीच. डोंगराच्या कुशीतून जेसीबीनं काढलेला एक कच्चा रस्ता गेलाय. प्लॉट पाडायचे होते. प्लॉट विकले गेले नाहीत, रस्ता राहिला, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी रानमोडी वर-खाली सांडत गेली. डोक्याच्या वर हात केला तरी शेंडा हाताला लागत नव्हता. मामांनी एक पान तोडून चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. उग्र, तुरट वास. पानावर तीन ठळक शिरा, त्रिशुळासारख्या. कळ्या धरायला लागल्या होत्या.

‘‘माज्या लहानपनी ही नव्हती,’’ मामा म्हणाले. ‘‘हितं कारवी व्हती, आळू, गेळा, करवंदी. आधी कोळशावाल्यांनी मोठी झाडं नेली. मंग ह्यो रस्ता झाला. माती उगडी पडली, तवा ही आली. आता मला सांग, जखमंवर माशी बसती. माशीनं जखम केली का?’’

हा मामांचा खरा मुद्दा, आणि तो हलका नाही. तण ही खूण आहे, रोग नाही. रान कुणी मोडलं? माणसानं. मग रोपाला ‘रानमोडी’ नाव देऊन आपण हात झटकतो.

‘‘माशीनं जखम केली नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘पण माशी बसली की जखम भरत नाही. अळ्या पडतात. तुमच्या बैलाच्या खांद्याला पडल्या होत्या तेव्हा तुम्ही काय केलंत? जू कुणाचं याची चर्चा करत बसलात?’’

मामा काही बोलले नाहीत. काठीनं रानमोडी बाजूला करत आत शिरले, आम्ही मागोमाग.

आत शिरल्यावर प्रथम कळलं ते हे, की वारा थांबला. ऑक्टोबरातलं भर दुपारचं ऊन, पण खाली तिन्हीसांज. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या काड्या आडव्यातिडव्या एकमेकींत अडकलेल्या, त्यांतूनच यंदाचे हिरवे कोंब वर गेलेले. ताई गुडघ्यावर बसली. तिनं चार काड्या मोडून जमिनीवर हातभर लांबीचा चौकोन मांडला आणि आतला पाचोळा बोटांनी अलगद बाजूला केला. पाचोळा, माती, आणखी पाचोळा. एक गोगलगायीचा शंख. मग दोन-दोन पानांची बारीक रोपं दिसली आणि मला बरं वाटलं. ताईनं एक उपटून पान चोळलं. तोच वास. रानमोडीखाली रानमोडीच.

तिथून वीसेक पावलांवर एक ऐन उभा होता, जेसीबीनं चुकून सोडलेला. त्याच्या पलीकडं रानमोडी अजून पोचली नव्हती. ताईनं तिथं तेवढाच चौकोन मांडला, आणि या वेळी नावं मामांनी घेतली. बोट एकेका रोपाशी नेत, देवाची नावं घ्यावीत तशी: ‘‘ह्यो तेरडा. ही रानहाळद, पिवळी पडलीय आता. हा ऐनाचाच पोर. करवंद. मुरुडशेंग. ही कवल्याची काडी. ह्याचं नाव ठाव नाय, पन शेरडं खात्यात.’’ तेरड्याच्या बोंडाला त्यांचं बोट लागलं आणि ते फट्‌कन फुटलं, बिया माझ्या हातावर उडाल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण हिणवून म्हणतो. त्या तीन दिवसांत तो पुढच्या वर्षाची सोय लावून जातो.

‘‘सावलीमुळं का गं?’’ मी विचारलं. ‘‘की रानमोडीच्या पाल्यात विष असतं म्हणतात तसं?’’

‘‘पाल्याचा अर्क घातला तर प्रयोगशाळेतल्या बशीत दुसऱ्या बिया कमी रुजतात, हे खरं. पण डोंगरावर सावली किती, अर्क किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मी विद्यार्थ्यांना सांगायचे, कारण नक्की नसेल तर कारणाची फुशारकी मारू नका. खाली काय उगवतं ते लिहा.’’

खाली काय उगवतं. मला वाटतं, या सगळ्या वादात विचारायचा प्रश्न हाच आहे. पासपोर्ट कुठला, हा नव्हे. आंब्याखाली काय उगवतं, घाणेरीखाली काय, पुण्याच्या टेकड्यांवर सरकारी लागवडीत रांगेनं लावलेल्या गिरिपुष्पाखाली काय. मी मनात हे मांडत होतो तोच मामांनी त्यावर धोंडा घातला.

‘‘मला येक सांग बाय. कारवीखाली काय उगवतं?’’

ताई बघत राहिली.

‘‘मी ह्याच डोंगरावर गुरं राखली. दाट कारवीत वासरू शिरत नव्हतं. खाली नुसती माती. गवताची काडी नाय. मंग कारवी काय रानमोडीपरास येगळी? ती आपली, म्हून गोड?’’

तीस वर्षांत मी ताईला इतका वेळ गप्प बसलेली पाहिली नव्हती. ती उठली, हात झटकले आणि वरच्या अंगाला उरलेल्या कारवीच्या पट्ट्यापर्यंत गेली. खरखरीत पानं, पेरापेरांचे दांडे. हेच दांडे शेणामातीनं लिंपून मामांच्या जुन्या घराच्या कुडाच्या भिंती झाल्या होत्या. ती एका दांड्याला हात लावून उभी राहिली.

‘‘बरोबर आहे तुमचं,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘कारवीखाली फार काही उगवत नाही. पण कारवी फुलली की काय होतं, आठवतंय?’’

‘‘आठ वरसांनी फुलती. डोंगर जांभळा व्हतो. मध मिळतो. आन मंग मरती.’’

‘‘सगळी?’’

‘‘समदी. येकदम. नुसत्या काटक्या ऱ्हात्यात.’’

‘‘म्हणजे दर आठ वर्षांनी सगळं छप्पर एकदम उतरतं. पुढच्या पावसाच्या सुमाराला बोंडं फुटतात, बी पडतं, आणि त्याच उन्हात बाकीच्यांनाही उठायची संधी मिळते. जी झाडं खाली दबून होती ती दोन-तीन पावसाळ्यांत कारवीच्या वर जातात. कारवी दार लावते, पण ठरल्या वर्षी उघडते. इथलं रान त्या वेळापत्रकाला सरावलंय. रानमोडी दार उघडतच नाही. दरवर्षी फुलते, दरवर्षी बी उडवते, तोडली की बुडातून फुटते. आणि ज्या वर्षी कारवी मरून जमीन मोकळी होईल, त्या वर्षी तिथं आधी कोण पोचेल? कारवी आठ वर्षांत एकदाच डाव टाकते मामा. तो एक चुकला, तर तिच्याकडं दुसरा नाही.’’

मामांनी यावर लगेच काही म्हटलं नाही. मग म्हणाले, ‘‘हे पटतंय.’’ आणि थोडं थांबून, ‘‘निम्मं.’’

उरलेलं निम्मं दाखवायला ते आम्हाला देवराईकडं घेऊन गेले. मुळशी-मावळ पट्ट्यात गावोगाव अशा राया आहेत. सत्तरीच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तकांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून शहरातल्या लोकांना त्यांचं कौतुक. गावाला कौतुक नसतं, धाक असतो. बाहेर घाणेरीचं कडं होतं, त्याला लागून रानमोडी, आणि मग एका पावलात दोन्ही संपल्या. आत हिरडा, जांभूळ, अंजनी, एक उंच भेर्ली माड, आणि झाडांना लपेटलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. खाली गार काळोख आणि त्यातही रोपंच रोपं.

‘‘हितं का नाय शिरली?’’ मामा म्हणाले. ‘‘कुनी उपटून काडली? कुनी नाय. हितं तिला जागाच नाय. रान धडधाकट असलं तर असल्या लाख येऊं द्या.’’

‘‘मग ते काय?’’ ताईनं बोट केलं. देवळाच्या मागं, नव्या सभामंडपासाठी चार-पाच झाडं काढली होती. वर आभाळाचं भोक पडलं होतं, आणि बरोब्बर त्या भोकाखाली, उन्हाच्या आकाराएवढी, रानमोडी.

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. सभामंडपाच्या वर्गणीदारांच्या फरशीवर तिसरं नाव त्यांचं होतं. ‘‘देवाला पत्रा गळत व्हता,’’ ते पुटपुटले.

खरं तर ते भोक दोघांचंही म्हणणं सिद्ध करत होतं, पण हे मी तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर दोघांनी मिळून मला गप्प केलं असतं.

उतरताना मामा वेगळ्याच सुरात बोलायला लागले. खाली धरणाचं पाणी चमकत होतं. ‘‘भाईरचं, भाईरचं करतीस. ह्या पान्याखाली आमचा मूळ गाव हाय. आज्या सांगायचा, एकवीस साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट, भुस्कुटे, समदी मावळची मानसं रामनवमीला जाऊन बसली. तीन वरसं चाललं. धरान झालंच. पानी खाली भिऱ्याला जातं, वीज म्हमईला. आमी डोंगरावर आलो. तवा ह्या डोंगराला आमीबी भाईरचेच की. नंतर बंगलेवाले आले. त्यांनी तारंचं कंपाउंड घातलं, आन आमालाच इचारत्यात, कुटं निघाला? म्हून मला तो शबूद नको वाटतो. रोपाला लावला की उद्या मानसाला लावत्यात.’’

ताई बराच वेळ नुसती उतरत राहिली. ‘‘मी नाही वापरणार तो शब्द,’’ ती म्हणाली. ‘‘पण मामा, धरणानं तुमचा गाव बुडवला. त्या पाण्याखाली आता काय उगवतं? मी रानमोडीबद्दल तेवढंच म्हणतेय.’’

मला ही तुलना जरा ताणलेली वाटली. मामांना वाटली नसावी. ते थांबून पाण्याकडं बघत राहिले.

अंगणात पोचता पोचता फुलपाखरांचा विषय निघाला. मामा म्हणाले, थंडीत रानमोडी फुलली की निळ्या पट्ट्यांची पाखरं इतकी बसतात, की झाडच हललं असं वाटतं. मग ही वाईट कशी? ताई म्हणाली, ते ब्लू टायगर. त्यांच्या नरांना मादीला भुलवणारं अत्तर तयार करायला त्या फुलांतलं एक द्रव्य लागतं, म्हणून झुंबड. ‘‘पण अंडी तिथं घालत नाहीत. त्यांच्या अळ्या रुईच्या कुळातल्या वेलींवरच वाढतात. मेजवानी कुठंही झोडा, बाळंतपणाला माहेरच लागतं. रानमोडीनं वेल दाबला, तर पुढच्या वर्षी मेजवानीला कोण येणार?’’ मामी हे ऐकत अंगणात उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘हे खरं बोललीस.’’

आता करायचं काय, यावर मात्र मामांचा अनुभव ताईच्या ज्ञानापेक्षा खरखरीत होता. एका वर्षी शहरातून पोरं आली होती, टोप्या घालून. दोन दिवस रानमोडी उपटली, ढीग केले, फोटो काढले, गेली. उतार उघडा पडला, पहिल्या पावसात माती वाहून खाचरात आली, आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट रानमोडी. ‘‘त्यापरीस हाये ती बरी. निदान माती तरी धरती.’’

ताईनं हे नाकारलं नाही. घाणेरी काढायची प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत तिनं सांगितली. मूळ उपटायचंच नाही. जमिनीखाली तीन-चार बोटं कुदळीनं खोड आणि मुळाचा सांधा तोडायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. फुटवा त्या सांध्यातूनच येतो, खालच्या मुळाला फुटायची ताकद नसते. माती हलत नाही. ‘‘आणि सगळा डोंगर एकदम नाही. जिथं शेजारी बी देणारं झाड उभं आहे तिथून सुरुवात. त्या ऐनाच्या बाजूनं. एक पट्टा काढायचा, पुढची तीन वर्षं पावसाळ्यात फिरून नवी रोपं काढायची, आणि मगच पुढचा पट्टा. काढणं हे काम नाहीच, परत परत जाणं हे काम आहे.’’

‘‘कोन जानार परत परत? तू?’’

‘‘मी येईन. निवृत्त आहे.’’

‘‘आन वनवा?’’ मामा म्हणाले. ‘‘फागुनात वनवा येतो. रानमोडी वाळली की राकेलावानी पेटती. तुजी ऐनाची पोरं जळत्यात, आन पयल्या पावसाला रानमोडीच वर येती. हे दर वरसाचं हाय. वनवा कोन लावतं, कुनास ठाव.’’

शेवटचं वाक्य ते जरा घाईनं बोलले असं मला वाटलं. चांगलं गवत यावं म्हणून डोंगर पेटवायची रीत या भागात जुनी आहे. गुरं गेली, रीत राहिली.

पैज लागली. ऐनापासून खाली पंधरा पावलं रुंद पट्टा ताई म्हणते तसा काढायचा, आणि शेजारचा तेवढाच पट्टा जसा आहे तसा ठेवायचा. पुढच्या दसऱ्यानंतर दोन्हींत चौकोन मांडायचा आणि नावं घ्यायची. नावं मामांनीच घ्यायची, म्हणजे वशिला नको. ताई हरली तर तिनं रानमोडीबद्दल पुन्हा बोलायचं नाही. मामा हरले तर पाच किलो आंबेमोहोर, घरचा, हातसडीचा.

मामीनं जुन्या लुगड्याची हिरवी किनार फाडून दिली, आणि उन्हं कलताना आम्ही चौघं परत वर गेलो. चार कोपऱ्यांना चार खुंट ठोकून किनार बांधली. मामीच्या ओट्यात कॉसमॉसची फुलं होती, रात्रीच्या पूजेची. ताईनं त्यांच्याकडं बघितलं, तशी मामी म्हणाली, ‘‘अंगनातलं येकबी फूल मी झाडावर वाळू देत नाय. बी धरायच्या आदी देवाला जातं. बोल आता.’’ ताईला बोलायला काही राहिलं नाही.

मामा पट्ट्याच्या कडेनं काठीनं मातीत रेघ ओढत चालले होते. ‘‘माघातच हितनं तितवर गवत खरवडून जाळरेषा काडतो,’’ ते म्हणाले. ‘‘आवंदा हितं आग येनार नाय. माजी जबाबदारी.’’

‘‘अगो बया,’’ मामी म्हणाली, ‘‘चाळीस वरसं म्हनत्यात, वनवा आपोआप लागतो.’’